डावा डोळा थोडा वर

माझं चष्म्याचं दुकान आहे. दुकानदाराला मरायलाही वेळ नसतो, असं लोकांना वाटतं. ते साफ चूक आहे. गिऱ्हाईक येतं, खोकंभर फ्रेमा उतरवायला लावतं, आरशात तोंड वेडंवाकडं करून बघतं, "घरी विचारून सांगतो" म्हणतं आणि निघून जातं. मग मी फ्रेमा परत लावतो आणि काच पुसतो. पुसलेली काच पुन्हा पुसत असलो की डोळेबाई यायच्या.

डोळेबाई माझ्या दुकानाच्या डोक्यावरच, दुसऱ्या मजल्यावर राहतात. एकट्याच. "स्क्रू ढिला झालाय हो," असं म्हणून त्या चष्मा पुढे करायच्या आणि स्टुलावर टेकायच्या. मी स्क्रू आवळायचो. त्या पाण्याच्या टाकीबद्दल, जिन्यातल्या दिव्याबद्दल, समोरच्यांच्या मांजरीबद्दल सांगायच्या. आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायचं. आता या धंद्यात माझे केस पिकलेत. धड फ्रेमचा स्क्रू वर्षा-दोन वर्षांत एकदा ढिला होतो. यांच्या स्क्रूच्या डोक्यावर भाजीच्या सुरीचे ओरखडे असायचे. घरी बसून स्वतःच ढिला करायच्या आणि मग दोन जिने उतरून यायच्या. मी कधी तसं बोललो नाही. चेष्टेत एवढंच म्हणायचो, "बाई, तुमच्या घरात भुतं आहेत. नेमका स्क्रूच काढतात."

"दुसरं काही काढून न्यायला नाहीच ना तिथे," असं म्हणून त्या हसायच्या.

डोळेबाई हे नाव त्यांना कारखान्यात पडलं. आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या खेळण्यांचा कारखाना होता. तिथे एकच गोष्ट नावाजलेली होती, ती म्हणजे चावीचा पक्षी. निळं अंग, पिवळी चोच, कुशीत चावी. चावी दिली की टुकटुक दाणे टिपत जमिनीवर चालायचा. वडील अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले, धाकटा भाऊ शाळेत, म्हणून बाई तिथे लागल्या तेव्हा अगदी कोवळ्या होत्या. कोणी पंख बसवायचं, कोणी स्प्रिंग, आणि शेवटी पक्षी बाईंच्या टेबलावर यायचा. एक पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. आधी उजवा डोळा, मग पक्षी पालथा करून डावा.

आणि डावा डोळा थोडा वर जायचा. नेहमी. याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाईंची नजर जन्मापासून तिरपी होती आणि त्या फुटपाथवरून उचललेला तयार चष्मा घालून काम करत होत्या. पण तेव्हा सुपरवायझरला एवढंच दिसायचं की पक्ष्याचे डोळे सारखे नाहीत. "बाई, हा पक्षी आहे की लग्नात रुसलेला मामा?" म्हणून तो ओरडायचा. बाई दिवसभर जपून सरळ काढायच्या, दुसऱ्या दिवशी डोळा पुन्हा वर. एवढ्या-तेवढ्यासाठी माल कोण परत पाठवणार? अशा तऱ्हेनं भुवई उडवलेले पक्षी वर्षानुवर्षं त्या दारातून बाहेर पडले आणि घरोघरी पोरांनी ते आपटले, चावले, बादलीत बुडवले.

पुढे मालकाच्या मुलांनी हिशेब मांडला. समुद्रापलीकडे तोच पक्षी करून घेतला तर जहाजाचं भाडं धरूनही इथल्या नुसत्या पत्र्याहून स्वस्त पडत होता. झालं, साचे लाकडी खोक्यांत भरले आणि रवाना केले. तिकडे डोळे यंत्रानं छापायचे, दोन्ही एका रेषेत. आमच्या कारखान्याचं गोदाम झालं आणि ज्या दारातून पक्षी बाहेर जायचे त्याच दारातून ते पेट्या भरून आत यायला लागले. बाईंना शेवटच्या दिवशी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आजही पुढेच धावतं.

वडील गेले. भावाची बदली दुसऱ्या शहरात झाली, तो तिकडचाच झाला. भावजय वाईट नाही, पण त्यांचं घर लहान आणि बाईंचा स्वभाव कोणाच्या दारात न जाणारा. भाचीचा दर आठवड्याला फोन येतो. "आत्या, जेवलीस का? गोळी घेतलीस का?" दोन प्रश्न, दोन होकार, संपलं. एकदा बाई माझ्या दुकानात असताना तो फोन आला. पलीकडून बंद झाल्यावरही बाईंनी तो बराच वेळ कानाला धरून ठेवला होता. मी उगाच खण उघडून त्यात डोकं घातलं.

असं सगळं चाललं होतं, तेवढ्यात एका रविवारी, मी उरलेलं काम उरकायला दुकान अर्धं उघडलं होतं तेव्हा, एक वयस्कर गृहस्थ आत डोकावले. स्वच्छ कपडे, हातात मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"पक्ष्यांचे डोळे रंगवणाऱ्या बाई इथे कुठे राहतात का हो?"

मला वाटलं, आजोबांच्या घरचे त्यांना शोधत असतील. पण त्यांनी फडकं सोडलं आणि आत बाईंचा पक्षी निघाला, भुवई उडवून माझ्याकडे बघणारा. हे निवृत्त दंतवैद्य होते. लहानपणी त्यांच्याकडे असा पक्षी होता, तो थोरल्या बहिणीच्या पायाखाली गेला आणि बहीणही पुढे लवकर गेली. म्हातारपणी त्यांनी असे पक्षी जमवायला घेतले. त्यांच्यासारखे आणखी पुष्कळ निघाले होते. जुन्या वस्तूंच्या बाजारात परदेशी बनावटीच्या पक्ष्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, ते पोत्यानं पडले होते. पण इथे झालेला, हातानं डोळे काढलेला पक्षी? त्याच्यासाठी माणसं हातघाईवर येत होती. पोटावरचा शिक्का बहुतेक पक्ष्यांचा घासून गेलेला. त्यामुळे खरा ओळखायची खूण एकच उरली होती, डावा डोळा थोडा वर. ज्यासाठी बाईंनी आयुष्यभर बोलणी खाल्ली, त्याच चुकीला आता भाव आला होता. मी हे ऐकून इतका हसलो की डॉक्टर जरा नाराज झाले.

मी त्यांना वर घेऊन गेलो. बाईंनी पक्षी हातात घेतला, चावी दिली, टेबलावर सोडला. तो टुकटुक करत कडेपर्यंत गेला आणि बाईंनी न बघता हात पुढे करून तो झेलला.

"माझाच," त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. डॉक्टरांनी ते फडकं पुढे केलं.

त्यानंतर डॉक्टर दर रविवारी येऊ लागले. कधी नवा मिळवलेला पक्षी घेऊन, कधी जुनाच. बाई पक्षी तपासायच्या, मग कारखान्यातल्या गोष्टी निघायच्या, मग चहा. रविवारी उरलेलं काम उरकायला आलो की जिन्यातून डॉक्टरांचं हसणं ऐकू यायचं. बाईंनी खिडकीला पडदा शिवला, कपांचा जोड आणला. आणि स्क्रू ढिला व्हायचा थांबला. भुतं कुठे गेली कोण जाणे. माझं स्टूल रिकामं राहायला लागलं, हे मी आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुमच्या पोटात का दुखतंय?" मी म्हटलं, माझ्या नाही दुखत. थोडं दुखत होतं.

जिथे भाव असतो तिथे दलाल येतोच. हा तरणाताठा होता, जिभेवर साखर, पहिल्या भेटीतच "मावशी, मावशी". येताना बिस्किटं आणायचा आणि बाईंच्या समोर मांडी घालून बसायचा. त्याच्या पेटीत परदेशी पक्षी होते. पोटावरचं देशाचं नाव खरवडलेलं, छापील डोळे थिनरनं पुसलेले. नुसते आंधळे पक्षी.

"मावशी, तुमच्याच साच्यातले आहेत हे. तुम्हीच डोळे काढले तर तुमचेच नाही का झाले?"

हे मला बाईंनीच सांगितलं, आणि सांगायचं कारण असं की त्यांचं काम अडलं होतं. फार दिवसांनी त्या दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू घट्ट होता.

"मला माझा जुना चष्मा द्या," त्या म्हणाल्या.

तो फुटपाथवरचा चष्मा मी खणात ठेवला होता. असले नमुने मी जपून ठेवतो, गिऱ्हाइकांना भीती घालायला. योग्य नंबरचा चष्मा त्यांना पहिल्यांदा मीच दिला होता, कारखाना बंद झाल्यावर कितीतरी वर्षांनी.

"त्यानं तुम्हाला धड दिसत नव्हतं, बाई."

"म्हणूनच हवाय. तुमच्या चष्म्यानं दोन्ही डोळे सरळ येतात."

माझ्या आयुष्यात माणसं बरं दिसावं म्हणून माझ्याकडे आली आहेत. वाईट दिसावं म्हणून आलेलं हे एकच गिऱ्हाईक. मी चष्मा दिला नाही. उलट चार गोष्टी सुनावल्या. तो लुच्चा तुमच्या हातून लोकांच्या गळ्यात कचरा मारतोय, तुमच्या कानावरून तरी गेलंय का, वगैरे. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"तो बुधवारी येतो," त्या म्हणाल्या. "दुपारभर बसतो. मला कळतं हो तो कशासाठी बसतो ते. पण बसतो."

मी खणातून चष्मा काढून काउंटरवर ठेवला. त्यांनी तो पदराला पुसला आणि गेल्या.

काही आठवड्यांनी डॉक्टर जिन्यावरून उतरताना माझ्यासाठी थांबले. चेहरा पोराच्या चेहऱ्यासारखा खुललेला. फडक्यात नवा पक्षी. "दलालाकडून घेतला. हात पोळले बरं का चांगलेच, पण बाई म्हणाल्या, त्यांचाच आहे!" डॉक्टर गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर मी तडक वर गेलो.

"बाई, खोटं बोललात तुम्ही."

त्या कप विसळत होत्या. पाठ माझ्याकडे. "नाही म्हटलं असतं तर विचारलं असतं, मग डोळे कोणी काढले? मग काय सांगू? परत आले असते ते?"

"आणि कळलं तर?"

"तोवर येतील ना," बाई म्हणाल्या.

मी खाली आलो. डॉक्टरांना सांगायचं माझ्या जिवावर येत होतं, आणि न सांगायचंही. सांगायची वेळ मात्र माझ्यावर आलीच नाही. दलालाची हाव आडवी आली. त्यानं बाजारात इतके पक्षी सोडले की लोकांना वास आला. एवढे खरे पक्षी एकदम आले कुठून? कोणीतरी एक पक्षी उघडला, आतली स्प्रिंग नवी निघाली. बोभाटा झाला. त्या दिवसापासून कोणी पक्षी घेईना, खोटा नाही आणि खराही नाही. डोळ्यांवर आता कोणाचा भरवसा उरला नव्हता, आणि जुन्या पक्ष्यांतही स्प्रिंगा कधीच्या बदललेल्या, त्यामुळे बघायला दुसरं काही नव्हतं. समुद्रापलीकडे गेलेल्या कामानं बाईंच्या पक्ष्यांना किंमत आणली होती, तिकडूनच आलेल्या पत्र्यानं ती घालवली. दलाल पुढच्या बुधवारी आला नाही. मग कधीच आला नाही.

डॉक्टर आले ते रविवारी नाही, मधल्याच एका वारी. हातात सूटकेस. गुडघ्यांमुळे त्यांना ती जिन्यावरून नेता येईना, म्हणून मी उचलली. वर गेल्यावर त्यांनी सगळे पक्षी टेबलावर मांडले. सगळ्यांचे डावे डोळे थोडे वर. सगळी पलटण बाईंकडे संशयानं बघत होती.

"बाई," डॉक्टर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "यातले जुने कुठले, तेवढं सांगा. विकायचे नाहीत मला. मला फक्त माहीत हवंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग पक्ष्यांकडे. त्यांना अजूनही थाप मारता आली असती. सगळे जुने म्हणाल्या असत्या तर खोटं ठरवणारं या जगात कोणी नव्हतं. डॉक्टर विश्वास ठेवायला तयारच होते, ते नुसतं बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

बाईंनी एक पक्षी उचलला आणि डावीकडे ठेवला. दुसरा उजवीकडे. स्प्रिंग नाही तपासली, वजन नाही केलं. फक्त प्रत्येकाच्या तोंडाकडे थोडा वेळ बघायच्या, पोर कोणाचं ते चेहऱ्यावरून ओळखावं तसं. डावीकडे थोडेच जमले.

"हे जुने," त्या म्हणाल्या. "बाकीचे इथे बसून केलेत. याच खुर्चीत."

"कशावरून ओळखलंत?" डॉक्टरांनी विचारलं. "डोळे तर सारखेच आहेत."

"जुन्यांत चुकून वर गेलाय, डॉक्टर. नव्यांत मी मुद्दाम नेलाय. तो वाकडा चष्मा घालूनसुद्धा मला मुद्दाम न्यावा लागला. हात घाबरलेला दिसतोय बघा."

मी वाकून बघितलं. मला काही दिसलं नाही, आणि माझा धंदा नजरेचा आहे.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही यायचे थांबला असता."

डॉक्टरांनी जुने पक्षी एकेक करून फडक्यात गुंडाळले आणि सूटकेसमध्ये ठेवले. नवे टेबलावरच राहू दिले. बाई घाईघाईनं चहा ठेवायला उठल्या, तर ते म्हणाले, "आज नको." दारापाशी चप्पल घालता घालता म्हणाले, "येतो." निघताना सगळेच म्हणतात तसं.

ते आले नाहीत. मला त्यांचा रागही धरता येत नाही. त्यांना जे हवं होतं ते बाईंनी देऊन टाकलं होतं. आता त्यांच्या कपाटात जे होतं ते नक्की होतं, विचारायला काही उरलं नव्हतं. पण एखादा रविवार नुसतं सहज म्हणून यायला काय हरकत होती, असं मला वाटतं. पाय काही एवढे दुखत नव्हते.

मी धरून चाललो होतो की आता भुतं परत येतील. मी स्टूल पुसून ठेवायला लागलो. बाई आल्या नाहीत. जाता-येता जिन्यात दिसायच्या, मान हलवायच्या, हातातली भाजीची पिशवी सांभाळत वर जायच्या. लाजल्या होत्या त्या. ज्याच्यासमोर फजिती झाली त्याच्याकडे स्क्रू घेऊन कोण जाईल? रविवारी वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला असायचा. घड्याळाचे टोले मात्र खाली ऐकू यायचे, नेहमीसारखे वेळेच्या आधी.

एका शनिवारी दुपारी मी शटर अर्धं ओढलं आणि वर गेलो. दार लोटलेलंच होतं. बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. समोर डॉक्टरांनी टाकून दिलेले पक्षी, थिनरची बाटली, कापूस. त्या एका पक्ष्याचे डोळे पुसत होत्या. पुसून झाल्यावर ब्रश घेतला आणि पुन्हा काढले. उजवा, मग पालथा करून डावा. मग माझ्यासमोर धरला.

"बघा. सरळ आलाय की नाही?"

आला होता. अगदी एका रेषेत.

"तुमच्या चष्म्यानं आता रोज सरळ येतात," त्या म्हणाल्या. "सुपरवायझर असता तर खूश झाला असता." आणि कापूस घेऊन त्यांनी ते डोळेही पुसून टाकले.

"किती वेळ करता हे?"

"वेळ जातो," बाई म्हणाल्या.

मला फार वाईट वाटलं. मग मी हात पुढे केला.

"चष्मा बघू."

"घट्ट आहे हो स्क्रू."

"बघू तर."

त्यांनी चष्मा काढून दिला. खरंच घट्ट होता, मीच आवळलेला. मी शर्टाच्या खिशातला बारीक पेचकस काढला आणि त्यांच्या देखत स्क्रू उलटा फिरवला. काडी लटलटायला लागली. मग चष्मा त्यांच्या हातात दिला.

"हा काही टिकणार नाही. सोमवारी खाली घेऊन या."

बाईंनी चष्म्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत्ता नाही का आवळता येत?"

"अवजार दुकानात आहे," मी म्हणालो. पेचकस माझ्या हातातच होता.

त्या पेचकसाकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकानात मला काही काम नव्हतं. आमच्या हिला मी काहीतरी थाप मारली आणि आलो. गल्लीत शिरलो तर डोळेबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या, बंद शटरला टेकून. चष्मा डोळ्यांवर नव्हता, एका हातात होता, त्यामुळे मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांना कोण येतंय ते कळलं नाही.

"सोमवारी या म्हणालो होतो ना?"

"निघालाच तो. काय करू?" असं म्हणून त्यांनी मूठ उघडली. तळहातावर स्क्रू होता. त्याच्या डोक्यावर सुरीचा नवा ओरखडा होता.

मी शटर वर ढकललं आणि आधी स्टूल बाहेर काढलं.